पुरुषांची आणि मुलांची छाती वाढते तेव्हा: कारण शोधायचा क्रम

मुलाची किंवा पुरुषाची छाती स्त्रीसारखी दिसायला लागली की घरोघरी साधारण दोनच गोष्टी होतात. एक म्हणजे कुणी बोलतच नाही. मुलगा सैल शर्ट घालायला लागतो, पोक काढून चालतो, पोहायला जायचं टाळतो. किंवा मग कुणीतरी मोबाईलवर शोधतं आणि ‘सकाळी या, संध्याकाळी घरी’ अशा शस्त्रक्रियेच्या जाहिरातीपाशी जाऊन थांबतं. हे झालं कशामुळे, हा मधला प्रश्न राहूनच जातो. कधी कारण एखादी रोजची गोळी असते, ती बदलली की पुढचं सगळं टळतं. कधी ते दडून बसलेलं दुखणं असतं, छाती कापून सपाट केली तरी ते जागेवरच राहतं. म्हणून आधी कारण आणि मग इलाज, याच क्रमाने जायचं. या क्रमातला मोठा भाग पैसे न खर्चता घरी किंवा साध्या फॅमिली डॉक्टरकडे होऊ शकतो.

आधी शरीरात काय घडतं ते

पुरुषाच्या छातीतही स्तनग्रंथीचा थोडासा अंश जन्मापासून असतो. इस्ट्रोजेन हे हार्मोन तो अंश वाढवायला बघतं आणि टेस्टोस्टेरॉन त्याला थोपवून धरतं. दोन्ही हार्मोन पुरुषाच्या शरीरात असतात, प्रमाण सांभाळलं जातं तोवर छाती सपाट राहते. हे प्रमाण तीन प्रकारे बिघडतं: टेस्टोस्टेरॉन कमी पडतं, इस्ट्रोजेन वाढतं, किंवा टेस्टोस्टेरॉन पुरेसं असूनही एखादं औषध त्याला पेशींवर काम करू देत नाही. अशा वेळी ग्रंथी वाढते, त्याला डॉक्टर गायनेकोमॅस्टिया म्हणतात. जिममधली मुलं नुसतं ‘गायनो’ म्हणतात.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या, पुढे ती वारंवार येईल. पुरुषाच्या शरीरातलं बरंचसं इस्ट्रोजेन वृषणांत तयार होत नाही. चरबी, स्नायू, यकृत, त्वचा अशा ठिकाणी अ‍ॅरोमॅटेज नावाचं विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचंच रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतं. चरबी वाढली की हे रूपांतर वाढतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचून घेतलं तरी त्यातलं काही इस्ट्रोजेन होऊन बसतं. ‘पुरुषी हार्मोन घेतलं आणि छाती बायकी झाली’ हे ऐकायला उलटं वाटतं, पण त्यामागे हेच आहे.

पायरी १: चरबी आहे की ग्रंथी?

मुलाला किंवा पुरुषाला पाठीवर सपाट झोपवा, हात डोक्याखाली घ्यायला सांगा. अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन बाजूंना ठेवून हळूहळू स्तनाग्राकडे आणा. ग्रंथी वाढलेली असेल तर स्तनाग्राच्या बरोबर खाली, त्याच्याच भोवती, रबरासारखी घट्ट, हलणारी चकती बोटांना लागते. ती दाबली की दुखू शकते. नुसती चरबी असेल तर बोटं थेट स्तनाग्रापर्यंत येतात, मध्ये काही अडत नाही, सगळं एकसारखं मऊ लागतं.

चरबीच असेल तर सहसा हार्मोनच्या तपासण्यांची गरज नसते. वजन उतरलं की छातीही उतरते, फक्त वेळ लागतो. ग्रंथी असेल तर मात्र कितीही जोर-बैठका मारा, ती विरघळत नाही. खालचा स्नायू भरला की उलट ती जास्त उठून दिसते. बऱ्याच जणांत दोन्ही एकत्र असतं, आणि मग बोटांना कळत नाही. तिथे डॉक्टरांनी तपासावं, गरज पडली तर सोनोग्राफी सांगतील.

दोन्ही बाजू सारख्या वाढल्या पाहिजेत असं नाही. एकाच बाजूला वाढ किंवा एक बाजू मोठी, हेही नेहमी आढळतं. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

पायरी २: वय विचारा, अर्धं उत्तर तिथेच आहे

*तान्हं बाळ.* गर्भात असताना आईचं इस्ट्रोजेन वारेतून बाळाला मिळतं, त्यामुळे अर्ध्याहून अधिक नवजात बाळांची छाती थोडी फुगलेली असते, मुलगा असो की मुलगी. काहींच्या स्तनाग्रातून दुधासारखे थेंबही येतात. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, हे आपोआप ओसरतं. इथे करायची गोष्ट एकच: हात लावू नका. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईने किंवा आजीने ‘दूध काढून टाकायला’ बाळाची छाती पिळायची पद्धत अजून अनेक घरांत आहे. त्याने जंतुसंसर्ग होतो, पू धरतो, आणि मग चिरा देऊन पू काढायची वेळ येते. मालीशवालीला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून टाका. छाती लाल झाली, गरम लागली किंवा बाळाला ताप आला तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे जा.

*वयात येण्याआधीचा मुलगा.* सहा-सात वर्षांच्या मुलाच्या छातीत चकती लागली, आणि काखेत केस किंवा आवाज फुटणं असं वयात येण्याचं दुसरं काही लक्षण नाही, तर ‘होईल बरं’ म्हणून थांबू नका. या वयात ग्रंथी वाढणं नेहमीचं नाही. घरात कुणी इस्ट्रोजेनचं जेल किंवा क्रीम वापरतं का, ते मुलाच्या अंगाला लागतं का, हे आधी बघा. त्वचेवरून त्वचेवर हार्मोन जाऊ शकतं. नाहीतर अधिवृक्क ग्रंथी (किडनीवरची छोटी हार्मोन ग्रंथी) किंवा वृषण यांतली गाठ नाही ना, हे पाहावं लागतं. बालरोगतज्ज्ञाकडून मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाकडे चिठ्ठी घ्या.

लॅव्हेंडर आणि टी-ट्री तेल असलेले साबण-तेल वापरणाऱ्या तीन मुलांबद्दल २००७ मध्ये अमेरिकेतून अहवाल आला आणि तेव्हापासून ही भीती फिरते आहे. पुढच्या अभ्यासांनी ती खरी ठरवलेली नाही. तरीही लहान मुलाची छाती वाढलेलीच असेल तर असं तेल महिनाभर बाजूला ठेवून बघण्यात तोटा काहीच नाही.

*वयात येणारा मुलगा.* आपल्याकडे सगळ्यात जास्त काळजी याच वयाची, आणि बहुतेक वेळा काळजीचं कारणही सगळ्यात कमी इथेच. वयात येणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना कमी-जास्त प्रमाणात हा त्रास होतो. साधारण १२ ते १४ या वयात सुरू होतो, स्तनाग्राखाली दुखरी गाठ लागते, शर्ट घासला तरी चुणचुणतं. इस्ट्रोजेन आधी वर चढतं आणि टेस्टोस्टेरॉन मागून येऊन त्याला गाठतं, त्या मधल्या काळातली ही वाढ. सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांची ओसरते. थोड्या मुलांत ती सतरा-अठरापर्यंत टिकते आणि मग तिथेच राहते.

अशा मुलासाठी पालकांनी करायचं ते असं. एकदा डॉक्टरांना दाखवा आणि छातीबरोबर वृषणंही तपासायला सांगा. मुलगा लाजेल, म्हणून तपासणीच्या वेळी त्याला हवं असेल तेच माणूस आत राहू दे. वाढ नेहमीच्या वेगाने आणि नेहमीच्या वयात असेल, वृषणांचा आकार वयाप्रमाणे असेल, कुठलं औषध चालू नसेल, तर रक्त तपासायचीही गरज सहसा नसते. दर सहा महिन्यांनी दाखवा. आणि मुलाला नीट, एकट्याला बसवून सांगा की हे वर्गातल्या अनेकांना होतं, याचा पुरुषपणाशी किंवा ‘हात लावण्याशी’ संबंध नाही. हस्तमैथुनामुळे असं होतं हा समज मुलांमध्ये खोलवर बसलेला असतो, मुलगा ते विचारणार नाही, तुम्हीच सांगून टाका. लग्नकार्यात एखादा काका किंवा मामा चारचौघांत छातीला चिमटा काढून गंमत करत असेल तर त्याला तिथेच थांबवा. माझ्या मते या वयातलं अर्धं औषध हेच आहे.

चौदा वर्षं पूर्ण होऊनही मुलगा वयात येण्याची चिन्हं दाखवत नसेल, गाठ झपाट्याने वाढत असेल, दोन वर्षांहून जास्त टिकली असेल किंवा स्त्रीच्या स्तनाएवढी झाली असेल, तर मात्र तपासण्या करा.

*पन्नाशीनंतर.* वयाबरोबर टेस्टोस्टेरॉन उतरतं, चरबी वाढते, आणि गोळ्यांची पिशवीही जड होते. तिन्ही एकत्र येतात, म्हणून या वयात पुन्हा प्रमाण वाढतं. अशा माणसाला सगळ्यात उपयोगी ठरते ती पुढची पायरी.

पायरी ३: औषधांची पूर्ण यादी काढा

मोठ्या माणसांमध्ये डॉक्टरांकडे येणाऱ्यांपैकी साधारण १० ते २५ टक्क्यांत कारण औषध असतं. चौथा हिस्सा असा असतो की वयात येताना झालेली वाढ राहून गेलेली असते, आणि आणखी चौथ्या हिश्श्यात सगळं तपासूनही कारण सापडत नाही. तेव्हा औषधांची यादी करायला अर्धा तास गेला तरी चालेल. फक्त डॉक्टरांची चिठ्ठी बघू नका. घरातला औषधांचा डबा टेबलावर उपडा करा. मेडिकलवाल्याने दिलेलं, शेजाऱ्याने सुचवलेलं, वैद्याची पुडी, जिमची पावडर, केसांची गोळी, सगळं लिहा. प्रत्येकासमोर कधीपासून चालू आहे ते लिहा, आणि छाती दुखायला लागली तो महिना आठवून शेजारी ठेवा.

या यादीत डोळे कुठे थांबले पाहिजेत?

स्पायरोनोलॅक्टोन सगळ्यात आधी. हृदय कमजोर असणाऱ्यांना आणि यकृत खराब होऊन पोटात पाणी झालेल्यांना हे दिलं जातं. टेस्टोस्टेरॉनला ते पेशींवर बसू देत नाही. हृदयरुग्णांवरच्या १९९९ च्या एका मोठ्या चाचणीत हे औषध घेणाऱ्या पुरुषांपैकी दहा टक्क्यांना छाती वाढणं किंवा दुखणं झालं, आणि नुसती नकली गोळी घेणाऱ्यांत ते प्रमाण एक टक्का होतं. औषध जीव वाचवणारं आहे, म्हणून स्वतःहून बंद करायचं नाही. हृदयरोगतज्ज्ञांना सांगा. एप्लेरेनोन हे त्याच कुळातलं औषध आहे आणि त्यात हा त्रास पुष्कळ कमी होतो.

मग पित्ताच्या गोळ्या. हे आपल्याकडे हमखास सुटतं, कारण पित्ताची गोळी कुणी औषध म्हणून मोजतच नाही. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलबरोबर बऱ्याचदा डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. ही दोन्ही प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढवतात. प्रोलॅक्टिन वाढलं की टेस्टोस्टेरॉन दबतं, छाती भरून येते, क्वचित पुरुषाच्या स्तनाग्रातून दूधही येतं. पाकिटावरचं ब्रँडचं नाव वाचून काहीच कळणार नाही, खाली बारीक अक्षरांत घटक असतात ते वाचा. वर्षानुवर्षं अशी कॅप्सूल मेडिकलमधून थेट घेणारे कितीतरी लोक आहेत. जुन्या पित्तनाशकांपैकी सिमेटिडिनही या यादीत येतं.

मानसिक आजारांची औषधं. रिस्परिडोन, हॅलोपेरिडॉल, अ‍ॅमिसल्प्राइड ही प्रोलॅक्टिन वाढवतात. स्वमग्न किंवा खूप चिडचिड करणाऱ्या मुलांना रिस्परिडोन दिलं जातं, म्हणून किशोरवयात याची चौकशी विशेष करावी. अमेरिकेत याच कारणावरून हजारो खटले झाले. फिलाडेल्फियातल्या एका ज्यूरीने २०१९ मध्ये ८ अब्ज डॉलरची भरपाई ठोठावली होती, ती पुढे न्यायाधीशांनी ६८ लाख डॉलरवर आणली. इथेही गोळी एकदम तोडू नका. मानसोपचारतज्ज्ञ दुसरं, प्रोलॅक्टिनला कमी धक्का देणारं औषध देऊ शकतात.

केस गळतीसाठी फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम, प्रोस्टेटसाठी तेच ५ मिलिग्रॅम, किंवा ड्युटास्टेराइड. कमी मात्रेत त्रास कमी, पण होत नाही असं नाही. पंचविशीतली मुलं केसांच्या गोळीचा उल्लेख डॉक्टरांसमोर करत नाहीत. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी बायकॅल्युटामाइड एकटं दिलं तर बहुतेकांना छाती येते. तिथे ते आधीच माहीत असतं, आणि आधीच थोडं रेडिएशन किंवा दुसरं औषध देऊन ते कमी करता येतं.

क्षयाची औषधं, विशेषतः आयसोनियाझिड आणि इथिओनामाइड, यांचं नाव इथे जपून घेतो. क्षयाच्या रुग्णात छाती वाढण्याला दुसरंही कारण असू शकतं: महिनोन्महिने खंगलेला माणूस उपचाराने खायला लागतो, वजन भरतं, आणि झोपलेली हार्मोन व्यवस्था पुन्हा जागी होताना काही काळ छाती वाढते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या युद्धकैद्यांना पोटभर अन्न मिळायला लागलं तेव्हा डॉक्टरांना हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात दिसलं. क्षयाचा कोर्स कुठल्याही परिस्थितीत अर्धवट सोडायचा नाही. छातीचं नंतर बघता येतं, औषधाला दाद न देणारा क्षय फार महागात पडतो.

बाकी नावं पटकन सांगतो: हृदयासाठीचं डिगॉक्सिन, निफेडिपीन आणि व्हेरापॅमिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या, केटोकोनॅझोलच्या गोळ्या (मलम नव्हे), एचआयव्हीसाठी पूर्वी सर्रास दिलं जाणारं इफाव्हिरेंझ, आणि दीर्घकाळ घेतलेली अफूजन्य वेदनाशामकं. गांजाचं नाव नेहमी घेतलं जातं, पण पुरावा कच्चा आहे.

औषध हेच कारण असेल आणि डॉक्टरांनी ते बदललं, तर महिन्याभरात दुखणं कमी व्हायला लागतं. हीच खरी खूण.

पायरी ४: जिममधली बाटली

याला वेगळी पायरी दिली, कारण इथे माणूस खरं बोलत नाही. सैन्यभरतीची तयारी करणारी, स्पर्धेत उतरणारी, किंवा नुसतीच आरशासाठी मेहनत करणारी मुलं ट्रेनरच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन, डायनाबॉल अशी स्नायू फुगवणारी स्टेरॉइड घेतात. कोर्स चालू असताना त्यातलं काही इस्ट्रोजेन होतं. कोर्स थांबवला की स्वतःची वृषणं आधीच सुस्तावलेली असतात, टेस्टोस्टेरॉन कोसळतं आणि इस्ट्रोजेन तेवढंच राहतं. म्हणून कित्येकांची छाती कोर्स संपल्यावर वाढते आणि दोन्हींचा संबंध त्यांच्या लक्षात येत नाही. वृषणं लहान होणं, चेहऱ्यावर-पाठीवर मुरुम, मूड बिघडणं हे बरोबर येतं. ‘कोर्सनंतर सांभाळायला’ म्हणून दिली जाणारी एचसीजीची (वृषणांना चालना देणाऱ्या हार्मोनची) इंजेक्शनंही छाती वाढवतात.

साध्या व्हे प्रोटीनने छाती वाढत नाही. पण स्वस्तात, बिलाशिवाय मिळालेल्या ‘मास’ पावडरीत लेबलवर न छापलेली स्टेरॉइड निघाल्याची उदाहरणं जगभर आहेत. आणि एक व्यवहाराची गोष्ट: सैन्यदलांच्या वैद्यकीय तपासणीत गायनेकोमॅस्टियावरून उमेदवार अपात्र ठरतात. ज्या भरतीसाठी शरीर कमवायचं, तीच हातची जाते. डॉक्टरांना सांगताना लाजू नका, ते पोलिसांना फोन करणार नाहीत. काय, किती, कधीपासून, एवढं कळलं की अर्ध्या तपासण्या वाचतात.

सोयाबीनबद्दल विचारणा हमखास होते, कारण प्रथिनांसाठी सोया चंक्स खाणारी मुलं लातूरपासून नागपूरपर्यंत सगळीकडे आहेत. नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या सोयाने छाती वाढत नाही. एका साठीच्या गृहस्थांची नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली होती, ते रोज तीन लिटरच्या आसपास सोया दूध पीत होते. ते थांबवल्यावर त्यांची छाती दुखायची थांबली. वाटीभर सोयाच्या भाजीला तो नियम लावू नका. ब्रॉयलर कोंबडीला हार्मोन टोचतात आणि ती खाल्ल्याने छाती वाढते, या समजाचंही तसंच. ती लवकर वाढते ती जातीच्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे.

पायरी ५: दारू, यकृत, किडनी, थायरॉइड

दारू दोन बाजूंनी मारते. वृषणांना थेट इजा करून टेस्टोस्टेरॉन कमी करते, आणि यकृत खराब झालं की इस्ट्रोजेनचा निचरा नीट होत नाही. रोज पिणाऱ्या माणसाची छाती वाढली, हाताचे तळवे लाल दिसतात, छातीवर-खांद्यावर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल शिरा आहेत, पाय सुजतात, पोट फुगतंय, तर छाती सोडा आणि यकृताचा डॉक्टर गाठा. अशा रुग्णाला पोटातल्या पाण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू झालं असेल तर दोन कारणं एकावर एक बसतात.

किडनी निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्या पुरुषांत ही तक्रार सर्रास आढळते. थायरॉइड जास्त काम करत असेल, म्हणजे वजन उतरतंय, हात थरथरतात, छातीत धडधडतं, घाम फार येतो, तर टीएसएच (थायरॉइडची रक्त तपासणी) बघा. थायरॉइड जागेवर आलं की छातीही बऱ्याचदा जागेवर येते.

पायरी ६: वृषणं तपासा, हे टाळू नका

छातीची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाची वृषणं न तपासता परत पाठवलं गेलं, तर तपासणी अपुरी झाली असं समजा. पंधरा ते पस्तीस या वयात वृषणाचा कॅन्सर इतर वयांपेक्षा जास्त होतो, आणि अशा काही रुग्णांत छाती वाढणं हे पहिलं लक्षण असतं. काही गाठी एचसीजी सोडतात, काही थेट इस्ट्रोजेन बनवतात. हा कॅन्सर वेळेत सापडला तर बरा होणाऱ्या कॅन्सरमध्ये अगदी वरच्या क्रमांकावर आहे.

घरी बघायचं तर गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, कातडी सैल असताना, एकेक वृषण अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवा. दगडासारखा टणक भाग, न दुखणारी गाठ, किंवा एक बाजू अलीकडे जड झाली असेल तर लगेच सोनोग्राफी. मागच्या बाजूला लागणारी मऊ, वळलेली नळी ही गाठ नसते.

दुसरी गोष्ट आकाराची. वृषणं लहान आणि घट्ट, उंची घरातल्यांपेक्षा जास्त, हातपाय लांब, दाढी-मिशी विरळ, असा मुलगा किंवा पुरुष असेल तर क्लाइनफेल्टर सिंड्रोमची शंका घ्यावी. यात पुरुषाला एक एक्स गुणसूत्र जास्तीचं असतं. हॅरी क्लाइनफेल्टर यांनी १९४२ मध्ये बोस्टनहून याचं वर्णन केलं. साधारण ५०० ते १००० मुलग्यांमागे एकाला हे असतं, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही. तरी बहुतेकांना ते कळतं लग्नानंतर, मूल होत नाही म्हणून तपासणी झाली की. छातीवरून ते पंधराव्या वर्षी ओळखलं गेलं तर टेस्टोस्टेरॉन वेळेवर सुरू करता येतं. या मुलांना पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोकाही इतर पुरुषांपेक्षा जास्त असतो.

गालगुंड होऊन वृषण सुजलं होतं का, लहानपणी वृषण वर राहिलं होतं का, मार लागला होता का, हेही विचारा. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस असते, गालगुंडाची नसते, त्यामुळे आपल्याकडे गालगुंड अजून होतात.

या खुणा दिसल्या तर क्रम सोडा, थेट सर्जनकडे

पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो. सगळ्या स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण एक टक्का पुरुषांत असतो, आणि ‘बाप्याला कसा होईल’ म्हणून तो उशिरा दाखवला जातो. गाठ स्तनाग्राच्या मध्यावर नसून एका बाजूला आहे, टणक आहे, हलत नाही, बहुधा दुखत नाही. स्तनाग्र आत ओढलं गेलंय, कातडी खेचल्यासारखी दिसते, रक्त येतं, जखम भरत नाही किंवा काखेत गाठ लागते: यातलं एक जरी असेल तर मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), सोनोग्राफी आणि सुईने तुकडा काढून तपासणी. पुरुषाची मॅमोग्राफी होते, सेंटरवर कुणी गोंधळून बघितलं तरी चिठ्ठी दाखवा. घरात आई, बहीण किंवा आत्याला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला असेल तर ते आवर्जून सांगा.

रक्ताच्या तपासण्या

वरच्या पायऱ्यांत कारण सापडलं तर मोठ्या पॅकेजची गरज नाही. सापडलं नाही आणि वाढ नवी, दुखरी किंवा झपाट्याची असेल, तर यादी ही: यकृताची तपासणी, क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच, टेस्टोस्टेरॉन, एलएच (वृषणांना काम सांगणारं मेंदूकडचं हार्मोन), इस्ट्राडायोल (मुख्य इस्ट्रोजेन) आणि बीटा एचसीजी. दूध येत असेल किंवा प्रोलॅक्टिन वाढवणारं औषध असेल तर प्रोलॅक्टिन. बीटा एचसीजी हे गरोदरपण ओळखायचं हार्मोन, त्यामुळे लॅबमधला माणूस पुरुषाच्या नावावर ते बघून दोनदा विचारेल. ते वृषणाच्या गाठीसाठी मागवलेलं असतं. टेस्टोस्टेरॉन तपासायला रक्त सकाळी आठ ते दहाच्या दरम्यानच द्या, दुपारनंतर ते खाली असतं आणि उगीच कमी दिसतं. एचसीजी किंवा इस्ट्राडायोल वाढलेलं निघालं तर वृषणांची सोनोग्राफी. एलएच जास्त आणि टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर गुणसूत्रांची तपासणी.

दहा वर्षांपासून जशीच्या तशी असलेली, न दुखणारी छाती आणि बाकी सगळं ठीक, अशा माणसाने हे सगळं करायची गरज नाही.

कारण कळल्यावर

काळाचं गणित महत्त्वाचं आहे. पहिल्या वर्षभरात ग्रंथी मऊ, दुखरी आणि बदलणारी असते. कारण काढलं किंवा औषध दिलं तर ती मागे फिरू शकते. वर्षानंतर तिथे तंतुमय ऊतक बनतं आणि मग गोळीने फारसं काही होत नाही. म्हणून नव्याने दुखायला लागलेल्या छातीसाठी ‘बघू पुढच्या दिवाळीत’ असं करू नका.

दुखरी आणि ताजी वाढ असेल तर हार्मोनतज्ज्ञ टॅमॉक्सिफेन हे इस्ट्रोजेनला छातीवर काम करू न देणारं औषध देतात, बहुधा तीन ते सहा महिने. ते मेडिकलमधून स्वतः आणून खायचं औषध नाही, रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्यात असतो. टेस्टोस्टेरॉन खरंच कमी असेल तरच टेस्टोस्टेरॉन द्यायचं. ते नॉर्मल असताना घेतलं तर छाती वाढेल, कशी ते वर आलंच आहे.

शस्त्रक्रियेची वेळ येते ती वाढ जुनी असेल, कारण मिटलं असेल किंवा सापडलं नसेल, आणि माणसाला त्याचा खरोखर त्रास असेल तेव्हा. मुलांत वयात येणं पूर्ण होईपर्यंत थांबतात, नाहीतर पुन्हा वाढू शकते. स्टेरॉइड चालू असताना तर नकोच. सर्जनला भेटताना हे विचारा: नुसतं लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) करणार की स्तनाग्राच्या कडेने छेद घेऊन ग्रंथीही काढणार? घट्ट चकती नुसत्या लायपोसक्शनने निघत नाही. स्तनाग्राखाली थोडं ऊतक ठेवणार ना? सगळं खरवडलं तर तिथे खळगा पडतो. आत रक्त साचलं तर रात्री कुणाला फोन करायचा? सुरुवातीची सगळ्यात नेहमीची गुंतागुंत हीच आहे. दाब देणारं बनियन काही आठवडे घालावं लागेल, तेव्हा एप्रिल-मेऐवजी थंडीत तारीख मिळते का बघा. विम्याच्या बऱ्याच पॉलिसी ही शस्त्रक्रिया दिसण्यासाठीची मानून पैसे नाकारतात, म्हणून आधी लेखी विचारा आणि तपासण्यांचे कागद जोडा. आणि काढलेलं ऊतक कचऱ्यात न टाकता पॅथॉलॉजीला पाठवणार का, हे विचारून त्याचा रिपोर्ट फाइलला लावून घ्या.